दरड ‘कोसळू शकते’ काय?

पावसाळ्यात पन्हाळ्याचा घाट चढणाऱ्यास सावध करावयाचे, तर ‘येथे दरड कोसळू शकते’ असे लिहिण्याची रीत आता पडली आहे. अर्थ कळतो, नाही असे नाही. परंतु ‘शकणे’ हे क्रियापद मुळात अंगच्या सामर्थ्याचे वाचक आहे. मल्ल डाव मारू शकतो. दरडीला कसले आले सामर्थ्य?

ही रीत बहुधा इंग्रजीच्या भाषांतरातून आली असावी. इंग्रजी लेखक सामर्थ्य सांगावयास सामान्यतः ‘कॅन’ योजतो, संभव सांगावयास ‘मे’ आणि शंका अधिक असेल तेथे ‘माइट’. भाषांतरकार मात्र हे सारे ‘शकते’ या एकाच गोणीत कोंबतो. मराठीला साधनांची वाण आहे म्हणून नव्हे! दरड कोसळण्याचा संभव आहे, कोसळायची, कोसळेल की काय, न जाणो कोसळली तर — प्रत्येकात भीतीची मात्रा निराळी. तटावर धावणाऱ्या नातवाला आजी ‘पडशील हो!’ म्हणते, ‘तू पडू शकतोस’ म्हणत नाही.

घडून गेलेल्या गोष्टींविषयी तर हा भेद अधिकच जाणवतो. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज याच गडाच्या वेढ्यातून निसटले. त्या रात्री शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसले, ही कथा सर्वश्रुत आहे. ते बसले नसते, तर सिद्दी जौहरच्या स्वारांनी महाराजांना वाटेतच गाठले असते. येथे ‘गाठू शकले असते’ म्हटले, तर स्वारांचा वेग तेवढा कळतो. पालखीतल्या माणसाने काय टाळले, ते कळत नाही.