राष्ट्रपतिपदाची निवडणूक आणि महाराष्ट्राचे मत



अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक झाली की कोण निवडून आला यापेक्षा कोणत्या राज्याने कोणाला मत दिले याचीच चर्चा तेथे अधिक दिवस चालते. त्याचे कारण तेथील पद्धतीत आहे. दोन राज्ये वगळता प्रत्येक राज्यात ज्याला अधिक मते पडतात त्याच्याच पदरात त्या राज्याचे सर्व निर्वाचक पडतात, आणि म्हणून राज्याचे मत म्हणजे त्या राज्याचे मन, असे तेथे समजले जाते. १९६४ साली लिंडन जॉन्सन हे देशभर सुमारे ६१ टक्के मते घेऊन अध्यक्ष झाले. मिसिसिपी राज्याने मात्र त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या गोल्डवॉटर यांच्या पारड्यात ८७ टक्के मते टाकली. जॉन्सन यांनी त्याच वर्षी निग्रो जनतेच्या नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली होती व गोल्डवॉटर यांनी सिनेटमध्ये त्या कायद्याविरुद्ध मत दिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ८७ टक्क्यांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. ज्या राज्यात काळ्या माणसांची संख्या एवढी मोठी, त्या राज्याने असे मत कसे दिले? कारण काळ्या माणसांना मतच नव्हते. वयात आलेल्या शंभर काळ्या स्त्री-पुरुषांपैकी जेमतेम सहा-सात जणांची नावे मतदारयादीत होती. बाकीच्यांना साक्षरतेच्या परीक्षेने, मतदानावरील कराने व उघड दहशतीने बाहेर ठेवले होते.

हा परदेशचा दाखला आम्ही देतो तो आपल्या घरात पाहावयास सोपे जावे म्हणून. आपल्या देशातही राष्ट्रपतीची निवडणूक होते, तीतही राज्ये मत देतात, आणि एका निवडणुकीत साऱ्या देशाने एका बाजूस कौल दिला असता एका राज्यातील सत्ताधारी पक्ष वेगळा उभा राहिला. ते राज्य आपले. ते वर्ष १९९७. यवतमाळ जिल्ह्यात जे तरुण आता मतदार झाले आहेत त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, आणि ज्यांचा झाला होता त्यांपैकी अनेकांना ही हकीगत कोणी सांगितलेली नाही.

प्रथम ही निवडणूक होते कशी ते पाहू. आपण तुम्ही-आम्ही राष्ट्रपतीला मत देत नाही. संसदेचे निवडून आलेले सभासद व सर्व विधानसभांचे निवडून आलेले सभासद मत देतात. परंतु प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागावयाचे व आलेल्या आकड्यास पुन्हा एक हजाराने भागावयाचे, म्हणजे मूल्य निघते. लोकसंख्या धरतात ती १९७१ सालची. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती व विधानसभेत आमदार २८८, म्हणून महाराष्ट्रातील आमदाराचे मत १७५ चे. उत्तर प्रदेशातील आमदाराचे २०८ चे, सिक्कीममधील फक्त ७ चे. वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद व उमरखेड या आपल्या सात मतदारसंघांचे आजचे एकूण मूल्य १,२२५ होते. म्हणजे राष्ट्रपतीच्या निवडणुकीत यवतमाळ जिल्ह्याचा आवाज एवढा, आणि तो सात माणसांच्या तोंडून उमटतो.

राष्ट्रपतीची निवड थेट जनतेने का करू नये, असा प्रश्न घटना समितीतही निघाला होता. परमपूज्य बाबासाहेबांनी त्यास उत्तर दिले ते असे की, आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या अध्यक्षासारखा राज्यकारभार हाकणारा नाही. तो राज्याचे चिन्ह आहे, आणि अशा पदासाठी कोट्यवधी प्रौढ मतदारांची निवडणूक घेण्याचे प्रयोजन नाही. हे उत्तर रास्तच होते. परंतु चिन्हालाही किंमत असते. ज्या माणसाला गावच्या चावडीवर बसू दिले जात नव्हते त्याच्या कुळातील मनुष्य राष्ट्राच्या पहिल्या आसनावर बसला, तर चिन्ह म्हणून का होईना, काही तरी बदलतेच. बदलत नसते तर त्यास विरोध करण्याची कोणास गरज भासली नसती.

आता १९९७. कोचेरिल रामन नारायणन हे तेव्हा उपराष्ट्रपती होते. त्रावणकोरातील उझवूर गावच्या दरिद्री अस्पृश्य कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेत मैलोन्‌मैल चालत जावयाचे आणि फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकावयाचा, असे त्यांचे बालपण. पुढे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, बाबासाहेब ज्या संस्थेत शिकले तीच ही संस्था. चीन व अमेरिका या दोन्ही देशांत ते भारताचे राजदूत होते, तीनदा लोकसभेवर निवडून आले, केंद्रात मंत्री झाले. १९९२ साली उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना ७०० मते पडली आणि त्यांच्या विरुद्ध केवळ १.

राष्ट्रपतिपदासाठी त्यांना सत्तेवरील संयुक्त आघाडीने, काँग्रेसने व भारतीय जनता पक्षानेही पाठिंबा दिला. उमेदवारीसाठी ५० सूचक, ५० अनुमोदक व १५,००० रुपये अनामत असा नियम त्याच वर्षी झाल्यामुळे हौशी उमेदवारांची वाट बंद झाली होती, व रिंगणात उरले दोघेच. दुसरे होते माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन. शेषन यांच्याविषयी आम्ही कडवट लिहिणार नाही. १९९० ते १९९६ या काळात निवडणुकांतील गुंडगिरीला त्यांनी जी वेसण घातली, मतदाराला छायाचित्राचे ओळखपत्र देण्याचा जो आग्रह धरला, त्याचा लाभ गावकुसाबाहेरच्या मतदाराला इतर कोणाहूनही अधिक झाला. परंतु नारायणन यांची निवड ते दलित आहेत एवढ्याच कारणाने होत आहे, हा त्यांचा आक्षेप आम्हांस कधीही पटला नाही. याआधीच्या राष्ट्रपतींपैकी चौघे ब्राह्मण होते. तेव्हा त्यांच्या गुणांची व जातीची अशी वजाबाकी कोणी करून पाहिली होती काय? सत्तर वर्षांच्या तपश्चर्येनंतरही आपल्या माणसाला गुणांचा दाखला मागितला जातो, आणि इतरांचा दाखला जन्माबरोबरच मिळालेला असतो.

या शेषन यांना पाठिंबा देणारा मोठा पक्ष एकच होता, तो म्हणजे शिवसेना. आणि शिवसेना त्या वेळी महाराष्ट्रात सत्तेवर होती. १९९५ च्या निवडणुकीत तिचे ७३ आमदार निवडून आले होते, मनोहर जोशी मुख्यमंत्री होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराला तिने केलेला विरोध पैनगंगेच्या काठावरील उमरखेडच्या माणसास सांगण्याची गरज नाही. नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यात आपल्या लोकांनी काय भोगले ते नदीअलीकडे ठाऊक आहे. पण येथे एक गोष्ट पाहा. मराठी माणसाचा कैवार हे त्या पक्षाचे ब्रीद. नारायणन मराठी नव्हते हे खरे. मग शेषन कोठले? पालघाटचे, म्हणजे आज ज्याला आपण केरळ म्हणतो तेथलेच. दोन्ही उमेदवार एकाच मुलखातले, दोघेही मराठी न बोलणारे. तेव्हा निवड करताना मराठीपणाचा प्रश्न उरतच नव्हता. पुढे २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या तेव्हा याच पक्षाने आपल्या मित्रपक्षाच्या उमेदवाराला डावलून मराठी म्हणून त्यांना मते दिली. त्यात वावगे काही नाही. मात्र मराठीच्या अभिमानासाठी मित्र सोडता येतो, मग सत्तेतील सोबती असलेला भारतीय जनता पक्ष नारायणन यांच्या बाजूला असताना १९९७ साली त्याच्याबरोबर जाणे एवढे अवघड का झाले, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

आणि तारखा पाहा. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या व दहा माणसे ठार झाली. १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. या दोन दिवसांच्या मध्ये, १४ जुलै रोजी, राष्ट्रपतिपदाचे मतदान झाले. राज्यांतील आमदार आपापल्या विधानभवनात मत देतात. म्हणजे ज्या मुंबईत दहा चितांची राख अद्याप निवाली नव्हती, त्याच मुंबईत सत्ताधारी पक्षाच्या आमदारांना देशाच्या पहिल्या दलित राष्ट्रपतीच्या विरुद्ध मत देण्याचा आदेश होता. गोळीबाराचा व मतदानाचा परस्परसंबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पाठिंब्याचा निर्णय वेगळा, गोळीबार वेगळा. परंतु दहा माणसे मेल्यावर तरी तो निर्णय बदलावा असे कोणास वाटले नाही, ही गोष्ट उरतेच. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी.

मोजणीत नारायणन यांना ९,५६,२९० मूल्याची मते मिळाली, शेषन यांना ५०,६३१. शंभरातील पंच्याण्णव एकीकडे, पाच दुसरीकडे. एकषष्ठांशाहून कमी मते पडल्यामुळे शेषन यांची अनामत रक्कमही गेली. गंमत अशी की महाराष्ट्राच्या सबंध विधानसभेचे मूल्य २८८ गुणिले १७५, म्हणजे ५०,४०० होते. शेषन यांची देशभरची बेरीज त्याच्या आसपासची. अर्थात साऱ्या महाराष्ट्राने शेषन यांना मते दिली असे कोणी समजू नये. काँग्रेसचे ८० व भाजपचे ६५ आमदार दुसऱ्या बाजूस होते. २५ जुलै १९९७ रोजी नारायणन यांनी शपथ घेतली.

तुम्ही विचाराल, आमच्या भागाच्या आमदाराने काय केले? त्याचे उत्तर कोणालाही देता येणार नाही. राष्ट्रपतिपदाचे मतदान गुप्त असते, पक्षाचा व्हिप त्यास लागू होत नाही, आणि मतपत्रिकेवर आमदाराचे नाव नसते. म्हणजे तुमच्या नावाने १७५ मूल्याचे मत पडते व ते कोठे पडले हे तुम्हांस कधीच कळत नाही. घटनेने ही गुप्तता दिली ती आमदाराचे मन मोकळे राहावे म्हणून. तरी मतदानापूर्वी त्यास गाठून तुमचा विचार काय असे विचारण्यास कोणाचीच मनाई नाही. आपल्या वस्तीत समाजमंदिराच्या निधीसाठी आमदाराकडे दहा खेपा घालतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीच्या वेळी एकही खेप घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

जे मत तुमच्या हाती होते त्याचे तुम्ही काय केले, हे मात्र साऱ्या देशाने पाहिले. १९९८ च्या फेब्रुवारीत लोकसभेच्या निवडणुका आल्या. नारायणन हे पदावर असताना रांगेत उभे राहून मत देणारे पहिले राष्ट्रपती ठरले. महाराष्ट्रात रिपब्लिकन पक्षाचे चार गट एकत्र आले व काँग्रेसशी त्यांनी समझोता केला. निकाल लागला तेव्हा ४८ जागांपैकी शिवसेनेला ६ व भाजपला ४, काँग्रेसला ३३ आणि रिपब्लिकन पक्षाला ४. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सु. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. या चार जागांपैकी एकही राखीव नव्हती. आणि तीन जागा विदर्भातल्या, यवतमाळच्या अगदी आजूबाजूच्या! याच विदर्भात, भंडाऱ्यात, १९५४ साली बाबासाहेबांचा पराभव झाला होता. यवतमाळने त्या वेळी काँग्रेसच्या उत्तमराव पाटलांना निवडले. रमाबाई नगराला मतपेटीतून मिळालेले उत्तर ते हेच, असे आमचे मत आहे.

हे उत्तर दीड वर्षही टिकले नाही, हेही लिहिले पाहिजे. १९९९ साली काँग्रेस फुटली, रिपब्लिकन गट पुन्हा वेगळे झाले, आणि चौघांपैकी दोघेच लोकसभेत परतले. गवई व कवाडे पडले. पुढाऱ्यांच्या भांडणाचे खापर लोकांवर फोडण्याची रीत आहे. ती आम्हांस मान्य नाही. लोकांनी एकी केली होती, ती मोडणारे लोक नव्हते.

२०१७ साली रामनाथ कोविंद राष्ट्रपती झाले व त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या मीराकुमारही दलितच. २०२२ साली आदिवासी समाजातील द्रौपदी मुर्मू निवडून आल्या, आणि शिवसेनेनेही त्यांना पाठिंबा दिला. काळ बदलला आहे. आता उमेदवाराची जात हा पाठिंब्यातील अडथळा राहिलेला नाही, ती जाहिरात झाली आहे. मिसिसिपीचे तसे झाले नाही. २००८ साली बराक ओबामा अध्यक्ष झाले तेव्हाही त्या राज्याने ५६ टक्के मते मॅकेन यांनाच दिली. पण १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर तेथील काळा मनुष्य रांगेत उभा होता व त्याचे मत मोजले जात होते, हा फरक लहान नव्हे.

मोजण्याचाच विषय निघाला आहे म्हणून कामाची गोष्ट सांगतो. आमदाराच्या मताचे मूल्य आजवर १९७१ च्या शिरगणतीवर चालत आले आहे, व २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या शिरगणतीचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ते तसेच राहावयाचे आहे. या शिरगणतीचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला असून तीत प्रत्येकाची जातही विचारली जाणार आहे. १९९० पर्यंत बौद्ध झालेल्या मनुष्यास अनुसूचित जातीचे घटनात्मक हक्क नव्हते. राखीव जागेवर त्यास उभे राहता येत नव्हते. १९९० च्या दुरुस्तीने ती अडचण दूर केली. परंतु हक्क मोजला जातो तो गणतीच्या कागदावरून. धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिले गेले तर दीक्षा कागदावर उरत नाही. २०११ च्या गणतीत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध नोंदले गेले. आणि जातीच्या रकान्यात केवळ बौद्ध लिहिले गेले तर अनुसूचित जातीच्या संख्येत तो मनुष्य येत नाही, व उमरखेडसारख्या राखीव जागा किती व कोठे असाव्यात हे त्याच संख्येवर ठरते. म्हणून नवदीक्षित कुटुंबांनी धर्म बौद्ध असा सांगावा, जात अनुसूचीत ज्या नावाने नोंदली आहे त्याच नावाने सांगावी, आणि गणतीदार दारातून जाण्यापूर्वी त्याने काय लिहिले ते घरातील शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावे.