गोल किती केले, ते आधी सांगा!



गेल्या महिन्यात एका घरी मलिद्याला गेलो होतो. बाहेर उणे सव्वीस, दारात बुटांचा ढीग, आणि आत गोड पोहे-खोबऱ्याचा वास. एलियाहू हानाबीची स्तुती झाली, ताटे फिरली. आता थोरली मंडळी गुडघेदुखीवर येणार (आम्हांला पाहिले की सर्वांना आपापले गुडघे आठवतात, नर्स होतो ना!), तोच मुलांच्या कोपऱ्यात भांडण पेटले.

विषय होता फुटबॉल. इथे आधी एक खुलासा करतो. आपल्या विनिपेगमध्ये 'फुटबॉल' म्हटले की लोकांना ब्लू बॉम्बर्स आठवतात, म्हणजे अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळण्याचा खेळ. पायाने खेळतात त्याला इथे सॉकर म्हणायचे. आम्ही मात्र मुंबईचे नाव सोडणार नाही. पायाचा तो फुटबॉल!

तर झाले असे. नऊ वर्षांच्या एका मुलीला शाळेत 'माझी लेजंड' या विषयावर बोलायचे होते. तिने निवडली होती डेझिरी स्कॉट. ही आपल्याच गावची मुलगी, १९८७ साली विनिपेगमध्ये जन्मलेली, मॅनिटोबा विद्यापीठाकडून खेळलेली आणि पुढे कॅनडाच्या संघात गेलेली. पण या मुलीचा बारा वर्षांचा मावसभाऊ हातात फोन घेऊन उभा. म्हणाला, "एकशे सत्त्याऐंशी मॅचेस, आणि गोल किती माहीत आहे? झीरो! लेजंड कसली डोंबलाची?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. ती आमच्याकडे वळली. "सिस्टर आजी, तुम्हीच सांगा ना याला."

आणि आम्हांला काही सुचेना हो! आकडा खरा होता. कॅनडाकडून १८७ सामने, त्यात एकही गोल नाही. "दोघेही शहाणे आहात, आधी खाऊन घ्या," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पुढे कळले की तिने विषय बदलला आणि शाळेत मेस्सीवर बोलून आली. ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली. म्हणून तिला त्या दिवशी द्यायचे राहिलेले उत्तर या महिन्याच्या सदरात देत आहोत. मावसभावानेही वाचावे.

'लेजंड'ला मराठीत काय म्हणतात? दंतकथा. म्हणजे कोणाच्या तरी तोंडून ऐकलेली, पुढे आपण दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट. तेव्हा लेजंड व्हायला खेळाडू लागतो, तसा सांगणारा माणूसही लागतो. सांगणारा नसला तर काय होते, त्याची गोष्ट आधी ऐका.

आमचे थोरले बंधू (आम्ही त्यांना दादा म्हणत असू) कुपरेजच्या मैदानाचे वेडे. रोव्हर्स कपाचे दिवस आले की भायखळ्याहून चालत जायचे आणि ट्रामचे पैसे चण्यांवर उडवायचे. त्यांचा देव एकच, नेव्हिल डिसोझा. मूळचे गोव्याचे, खेळले मुंबईत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १ डिसेंबरला भारताचा सामना होता खुद्द ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच घरी. नेव्हिल यांनी एकट्यांनी तीन गोल केले आणि भारताने सामना ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा त्यांचाच. पुढे तो सामना आपण १-४ हरलो आणि स्पर्धेत चौथे आलो. पण त्या ऑलिम्पिकमध्ये सर्वांत जास्त गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव आहे. प्रत्येकी चार गोल.

आम्ही तेव्हा लहान होतो. दादा घरात रबरी चेंडू घेऊन ते तिन्ही गोल करून दाखवीत. ऑस्ट्रेलियाचा गोलकीपर म्हणून आम्हांला पलंगासमोर उभे करीत आणि "तू डावीकडे पड!" म्हणून सांगत. दादांनी तरी ते कुठे पाहिले होते? मुंबईत टेलिव्हिजन आला १९७२ साली! वर्तमानपत्रात वाचलेले आणि मैदानावर कानी आलेले ते करून दाखवीत. आई ओरडायची ती समईला धक्का लागेल म्हणून.

आता सांगा, मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी नेव्हिल डिसोझा हे नाव ऐकले आहे? मलिद्याला आम्ही विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही. मोठ्यांतले दोन झाले, तेही अर्धे. १९८० साली ते वारले. गोल मोजायचे म्हटले तर त्यांच्यापाशी कमी काय होते? पण कोणी सांगत राहिले नाही, आणि दंतकथा अर्ध्यावर थांबली.

उलट कधी कधी चुकीची दंतकथा मात्र दणकट निघते. "भारताचे खेळाडू अनवाणी खेळत म्हणून १९५० च्या वर्ल्ड कपला त्यांना घेतले नाही," हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू बुटांशिवाय खेळले आणि फ्रान्सकडून जेमतेम १-२ ने हरले, एवढे खरे. पण १९५० चे कारण ते नव्हे. आपल्याच फुटबॉलच्या मंडळींना त्या वेळी वर्ल्ड कपचे महत्त्व वाटत नव्हते, त्यांच्या लेखी ऑलिम्पिक मोठे. जहाजाचा लांबचा प्रवास होता आणि तयारीही नव्हती, असे त्या काळच्या खेळाडूंनीच पुढे सांगितले. पण पायांची गोष्ट रंगतदार, म्हणून तीच टिकली. तेव्हा मुलांनो, दंतकथा ऐकताना कान उघडे ठेवा आणि खरे किती तेही विचारा.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट. १९६२ साली जाकार्ताला आशियाई खेळ भरले. यजमानांनी इस्राएलच्या आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी उघड हरकत घेतली. मग काय, तिथले प्रेक्षक भारताच्या संघावर खवळले. अंतिम सामन्यात आपल्या खेळाडूंच्या पायाशी चेंडू आला की हुर्यो. आमच्या नागपाड्यातल्या घरांत ही बातमी कशी वाचली गेली असेल, ते जुन्या मंडळींना सांगायला नको. आपल्या लोकांसाठी बोलल्यामुळे आपल्या देशाला शिव्या पडत होत्या.

त्या संघात जर्नेलसिंग होते. खरे तर ते बचाव फळीतले. थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्यांचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्यांना बचावातून काढून पुढे, गोल करायला उभे केले. आणि या गड्याने डोक्याला पट्टी बांधून अंतिम सामन्यात गोल केला! दुसरा पी. के. बॅनर्जींचा. दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आपण सुवर्णपदक घेतले. स्वतः रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

नर्स म्हणून विचाराल तर ताजे टाके पडलेल्या माणसाला चेंडू डोक्याने मारू द्यायला आम्ही साफ नकार दिला असता. हल्ली तर डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी डॉक्टर खेळाडूला बाहेर बसवतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हाचा चेंडू कातडी, पावसात भिजला की दगडासारखा. बदली खेळाडूची सोय नाही. वर्ल्ड कपमध्ये बदली खेळाडू आणि पिवळे-लाल पत्ते दोन्ही १९७० पासून आले. त्याआधी मोडलेल्या पायाने लंगडत राहा, नाहीतर दहा जणांनी खेळा. १९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये खुद्द पेले दुसऱ्याच सामन्यात दुखावले आणि पुढे एकही सामना खेळू शकले नाहीत. गारिंचा आणि बाकीच्यांनी ब्राझीलला कप मिळवून दिला. आता पेले आणि मेस्सी यांचे गोल शेजारी शेजारी मांडून तुलना कशी करणार? आमच्या आजीचा पाटा-वरवंटा आणि आमचा मिक्सर यांची शर्यत लावण्यासारखे ते होईल.

लगेच दोन वर्षांनी, १९६४ साली, आशिया कप इस्राएलमध्येच भरला. इस्राएल पहिले, भारत दुसरा. दोघांच्या सामन्यात इस्राएल २-० ने जिंकले, त्यातला एक गोल मोर्देखाय श्पिगलर यांचा. याच श्पिगलर यांनी १९७० च्या वर्ल्ड कपमध्ये स्वीडनविरुद्ध गोल केला. वर्ल्ड कपच्या मुख्य स्पर्धेत इस्राएलचा तेवढा एकच गोल आहे, आणि त्या एका गोलावर माणूस तिकडे घरोघर ठाऊक आहे! बेरशेव्याहून आमच्या आत्याचे पत्र आले होते : "टाळ्या कोणाला द्यायच्या तेच कळेना, म्हणून दोघांना दिल्या." म्हणजे बघा, नेव्हिल यांचे तीन गोल विसरले गेले आणि श्पिगलर यांचा एक लक्षात राहिला. गोलांच्या मोजणीने हे कोडे सुटत नाही.

आता आपल्या डेझिरीकडे येऊ. तिचे काम काय होते? ती मधल्या फळीत, बचावाच्या पुढे उभी राहायची. समोरच्या संघाचा हल्ला आला की तो मोडायचा, चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाकडे द्यायचा. पुन्हा जागेवर. म्हणून तिचे टोपणनाव पडले 'डिस्ट्रॉयर'. तिच्या पायांतून गेलेला चेंडू पुढे कोणीतरी गोलात मारला, पण फोनवरच्या आकड्यात तिच्या नावापुढे शून्यच राहिले.

मुलांनो, आम्ही पुष्कळ वर्षे रात्रपाळ्या केल्या. सकाळी दिवसपाळीच्या सिस्टरला अहवाल द्यायचा असतो. सर्वांत चांगला अहवाल कोणता, सांगू? "रात्री काही विशेष नाही." त्या चार शब्दांसाठी रात्रभर किती वेळा उठून नाडी पाहिली, कोणाचे सलाईन वेळेवर बदलले, कोणाला कुशीवर वळवले, कोणाचा श्वास जड वाटला म्हणून डॉक्टरांना झोपेतून उठवले, यातले फार थोडे कोणाच्या लक्षात राहते. घरी जाणारा पेशंट आभार मानतो सर्जनचे, आणि मानावेतच. पण रात्री 'काही विशेष' घडले असते तर तो घरी गेला नसता.

डेझिरीचे शून्य हे तसल्या रात्रींचे शून्य आहे. आणि तिच्या सोबत असताना कॅनडाने काय मिळवले ते लिहून घ्या : २०१२ ला लंडनमध्ये कांस्य, २०१६ ला रिओमध्ये कांस्य, आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण. करोनामुळे ते ऑलिम्पिक २०२१ साली झाले. ६ ऑगस्टला योकोहामात स्वीडनशी १-१ बरोबरी झाली आणि पेनल्टींवर आपण जिंकलो. मैदानात प्रेक्षक नव्हते, टाळ्या वाजवायला कोणी नाही. तिन्ही पदके गळ्यात असलेल्या खेळाडूंत क्रिस्तीन सिंक्लेअर आहे. तिच्या नावावर आंतरराष्ट्रीय सामन्यांत १९० गोल आहेत. आणि त्याच यादीत शून्य गोलांची आपली डेझिरीही आहे. १९० वाल्या सिंक्लेअरला जे पदक, तेच शून्यवालीला. २०२४ मध्ये डेझिरीने खेळ थांबवला.

तेव्हा बाळ, तुझी निवड चुकली नव्हती. चूक आमची झाली. त्या दिवशी सांगायला हवे होते ते आम्ही सांगितले नाही.

सांगणे ही आपल्या लोकांची जुनी सवय आहे. पेसाहाच्या रात्री लहानग्याने विचारायचे आणि मोठ्याने सांगायचे, हा तर आपला नेमच. आपल्या वाडवडिलांनी योसेफाची, मोशेची आख्याने मराठी कीर्तनांतून सांगितली, पेटी-टाळांच्या साथीने. मलिद्याला आजही एलियाहू हानाबीची आठवण काढतो. पण आपल्याच आयुष्यात पाहिलेली माणसे आम्ही म्हातारी मंडळी गुडघ्यांच्या गप्पांत हरवून बसलो. दादा आज नाहीत. ते तीन गोल पलंगासमोर करून दाखवणारे कोणी उरले नाही. आम्हांला फक्त डावीकडे पडायचे आठवते.

म्हणून बालमित्रांना या महिन्याचा गृहपाठ. घरातल्या आजी-आजोबांना, ते इस्राएलला असतील तर फोनवर, एकच विचारा : "तुम्ही पाहिलेला असा कोणता खेळाडू, की ज्याचे नाव मला माहीत नाही?" मग आठ-दहा ओळी लिहून आमच्याकडे पाठवा. मराठीत जमेल तसे लिहा, शुद्धलेखन आम्ही पाहू. गोल किती केले ते लिहिले नाही तरी चालेल.

आणि मोठ्यांनो, विचारले की "काही आठवत नाही" म्हणून मान हलवू नका. आठवते सगळे. आधी चहा घ्या, मग आठवेल.

पुढच्या महिन्यात भेटूच. बर्फावरून जपून चाला.

तुमची,
सिस्टर आजी