मोडीत निघालेली हत्यारे

वर्षातून एक दिवस हत्यारांची पूजा करावयाची आणि उरलेल्या दिवसांत तीच हत्यारे किलोच्या भावाने विकावयाची, हा आमच्या समाजाचा आजचा आचार आहे. खंडेनवमीस वाकस, रंधा, करवत, पटाशी ही सारी मंडळी धुऊनपुसून पाटावर बसतात; त्यांच्या अंगावर हळदकुंकू चढते, झेंडूचे फूल चढते. पुढे दोन-तीन आठवड्यांनी दिवाळीची झाडलोट निघाली आणि रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली, की तीच दैवते गोणपाटात भरून दाराबाहेर ओतली जातात. यांत पूजा खोटी की विक्री खोटी, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमच्या मते दोन्ही खऱ्याच आहेत, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे : हत्यार म्हणजे काय, याचे आमचे ज्ञान संपले आहे. ज्याचे ज्ञान संपले त्याची पूजा तरी करता येते किंवा विक्री तरी. त्याचा उपयोग मात्र करता येत नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण असे, की अलीकडे पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांत जुनी हातहत्यारे हुडकण्याची एक हौस उत्पन्न झाली आहे. इंग्लंड-अमेरिकेत कोणी गृहस्थ वारला म्हणजे त्याच्या घरातील चीजवस्तू पुष्कळदा तेथल्या तेथेच विक्रीस मांडतात. आणि एखाद्या म्हाताऱ्या सुताराची पेटी हाती लागावी म्हणून भल्या पहाटे दारात जाऊन उभे राहणारे रसिकही तेथे असतात. आमच्या हौशी मंडळींस तो शिकारीचा आनंद हवा आहे. एक पक्ष त्यांस हसतो व म्हणतो, की गंजलेल्या लोखंडापायी रविवार दवडणारे हे शहाणे कोण? दुसरा पक्ष त्यांस डोक्यावर घेतो व म्हणतो, की संस्कृतिरक्षण ते हेच. आम्हांस दोन्ही पक्ष अमान्य आहेत. जुनी हत्यारे अवश्य शोधावी, अवश्य विकत घ्यावी. परंतु ती कामास लावण्यासाठी घ्यावी, आणि हत्याराबरोबर त्याचे नाव व त्याची रीतही घ्यावी. एवढे न करणारा ग्राहक आणि भंगारवाला यांत आम्हांस भेद दिसत नाही. दिसलाच तर भंगारवाला अधिक प्रामाणिक दिसतो.

आमच्याकडील वस्तुस्थिती परदेशाहून निराळी आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मयताच्या अंगणात त्याचा माल मांडून विकण्याची चाल आमच्यात रुजली नाही. कारण बापाचा रंधा मुलाच्या हाती जाई आणि मुलाचा नातवाच्या. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला. त्यात वर्णिलेल्या व्यवस्थेत सुतार आणि लोहार यांची गणना बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत आहे. नांगर, कुळव, पाभर, गाडी यांपैकी एकही वस्तू या दोघांच्या हाताखालून गेल्यावाचून कुणब्याच्या शेतात जात नसे. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर गावोगाव गेला. त्यामागून पंप आले, ट्रॅक्टर आले, लोखंडी चौकटी आणि प्लायवूड आले. यात शोक करण्यासारखे काही नाही. पण या फेरफारात सुताराची पेटी माळ्यावर गेली, आणि जुना वाडा पाडून स्लॅबचे घर बांधावयाचे ठरले किंवा भावाभावांत वाटणी झाली, म्हणजे ती माळ्यावरून खाली येते. आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द घ्या की मंचरच्या आसपासचे दुसरे कोणतेही गाव घ्या, आमच्याकडचा ‘लिलाव’ तो हाच. येथे बोली होत नाही; काटा असतो.

अशा एका पेटीचे वजन होताना आम्ही या भागात पाहिले आहे. तीत तीन रंधे, सहा पटाश्या, एक किकरे, गिरमिट, सामता, गुण्या आणि मुठीवर अंगठ्याचा खळगा पडलेली एक करवत होती. भंगारवाल्याने प्रथम काय केले असेल? त्याने साऱ्या लाकडी मुठी हातोडीने फोडून वेगळ्या केल्या. कारण लाकडाचे वजन लोखंडात धरावयाचे नाही, हा त्याच्या धंद्याचा न्याय. रंध्यांची शिसवी अंगे चुलीसाठी मागे राहिली आणि पाती गोणीत पडली. गुण्याचे पाते निघेना, तेव्हा तो पायाखाली धरून मोडला. जो अर्ध्या शतकात काटकोनातून हलला नव्हता, तो अर्ध्या मिनिटात हलला. आम्ही भंगारवाल्यास दोष देत नाही. तो लोखंड विकत घेत होता आणि लोखंडच घेऊन गेला. त्या दारात हत्यार ओळखणारा कोणीही उभा नव्हता, हा दोष त्याचा नव्हे.

त्या गोणीतून काय गेले ते पाहा. जुन्या पटाशीचे पाते पुष्कळदा एकजात नसते. अंग मऊ लोखंडाचे असते आणि धारेपुरता पोलादाचा पापुद्रा त्यास भट्टीत जोडलेला असतो. म्हणून अंग घाव सोसते आणि धार टिकते. दगडावर पाते घासले, की दोन धातूंमधील रेघ उजेडात स्पष्ट दिसते. पोलाद तांबडेलाल करून पाण्यात बुडविले, की ते काचेसारखे कठीण आणि काचेसारखेच ठिसूळ होते. यास्तव ते पुन्हा मंद तापवावे लागते. सुमारे 230 अंशांवर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला, की थांबावयाचे. 300 अंशांच्या आसपास निळा रंग आला, की पटाशीपुरते पाणी उतरले. गावचा लोहार हे सारे माप डोळ्यांनी घेई. माणसाचे पाणी आणि पोलादाचे पाणी यांस आमच्या भाषेने एकच शब्द ठेवला आहे. आज हाच लोहार मोटारीच्या कमानपाट्याचा विळा घडवितो तेव्हाही तीच विद्या वापरतो. परंतु ती विद्या आहे, असे आमच्यापैकी कितीजण म्हणतात?

ज्यास जुनी हत्यारे घ्यावयाची असतील त्यास एवढे तरी समजले पाहिजे. अंगावरचा गंज भिण्यासारखा नसतो, पण धारेच्या पाठीवर पडलेले खड्डे वाईट. विजेच्या सहाणेवर घासून निळे पडलेले पाते चकाकले तरी त्याचे पाणी गेलेले असते. ऐरणीवर हातोडी सोडून पाहावी : खणखणीत बोलली तर घ्यावी, बद्द बोलली तर आत चीर आहे असे समजावे. रंध्याच्या तोंडाशी तडा नसावा; करवत डोळ्यासमोर धरली असता सरळ दिसावी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी हिंडणाऱ्या शौकिनांपैकी ही परीक्षा करणारा विरळा. बहुतेकांस पाते किती काळवंडलेले आहे एवढेच पाहावयाचे असते, कारण काळवंडलेपणाचेच त्यांस पैसे द्यावयाचे असतात.

येथे आमचा खरा वाद सुरू होतो. हमरस्त्यावर ‘गावरान’ जेवणाची जी उपाहारगृहे निघाली आहेत, त्यांच्या भिंतींवर नांगराचे फाळ, गाडीची चाके, वाकस आणि करवती खिळ्यांनी ठोकलेल्या आढळतात. त्यांवर तकाकी यावी म्हणून रोगण फासलेले असते. शहरातील दिवाणखान्यांतही हाच थाट शिरला आहे. यजमानास विचारावे, की हे काय? तो म्हणतो, ‘अँटिक’. नाव विचारावे, तर माहीत नाही. काम विचारावे, तर ठाऊक नाही. कोणत्या गावचे, तर ‘कोणीतरी आणून दिले’. भट्टीत वितळलेल्या हत्याराचे निदान पुन्हा लोखंड होते, त्याची कोठे तरी सळई होते. भिंतीवर ठोकलेल्या हत्याराचे काहीच होत नाही. आणि ही वस्तू ज्या घरातून येते त्या घरास मोडीचा भाव मिळतो, तर दिवाणखान्यात ती कलावस्तूच्या भावाने पोहोचते. या दोन भावांमधील अंतरास संस्कृतिरक्षण हे नाव देणे म्हणजे नफ्यास सोवळे नेसविणे होय.

कोणी म्हणेल, मग संग्रहालयेही मोडावी काय? नव्हे. दिनकर केळकर यांनी आयुष्य वेचून जमविलेला संग्रह 1975 साली सरकारच्या स्वाधीन केला. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, दारे आहेत, आणि त्यांमागे माणसांविषयीचे कुतूहल आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील हेन्री मर्सर हे 1897 साली चुलीचे चिमटे शोधीत अशाच एका माणसाकडे गेले, जो खेड्यापाड्यांच्या विक्रीतून कवडीमोलाचे ढीग उचलीत असे. त्या ढिगात त्यांस कालपरवापर्यंत चालू असलेल्या सबंध लोकजीवनाचे अवशेष दिसले. त्यांनी हजारो वस्तू जमविल्या, 1916 साली त्यांच्यासाठी काँक्रीटची इमारत उघडली, गाड्यासुद्धा छताला टांगल्या. परंतु एवढ्यावर न थांबता त्यांनी 1929 साली सुतारांच्या प्राचीन हत्यारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात कोणते हत्यार कशासाठी व कसे वापरीत हे सांगितले आहे. जपानात कोबे येथे एका बांधकाम कंपनीने 1984 साली केवळ सुतारांच्या हत्यारांचे संग्रहालय उभारले. टांगणे हा अपराध नव्हे. मुके करून टांगणे हा अपराध होय.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की विजेची यंत्रे आल्यावर हातरंध्याचा आग्रह म्हणजे बैलगाडीने मुंबईस जाण्याचा आग्रह. आम्ही यंत्राचे वैरी नाही. पण पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत बसवावयाचे तर शेवटचा केसभर भाग हातानेच काढावा लागतो, आणि ज्याचा हात हातरंध्यावर तयार झाला त्याचेच यंत्रही नीट चालते. शिवाय जेथे मागणी आहे तेथे विद्या जगते, याचा दाखला याच मुलखात आहे. बैलगाडा शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात त्या पुन्हा सुरू झाल्या आणि 2023 साली त्यांचा कायदा वैध ठरला. शर्यतींविषयी मतभेद असोत. पण शर्यतीचा हलका गाडा घडवावयाचा तर सुतारच लागतो, हे आंबेगाव-जुन्नरकडे कोणासही सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर वाटतो. ते म्हणतात, ‘प्राध्यापक महाशय, तुमच्या वाडवडिलांनी कधी वाकस धरला होता? ज्याने पिढ्यानपिढ्या बलुत्याच्या पेंढ्यांसाठी दुसऱ्याच्या खळ्यावर उभे राहावयाचे सोसले, त्याच्या मुलाने ती पेटी फेकून दिली तर तुम्ही रडणारे कोण?’ हा प्रश्न रास्त आहे. सुताराच्या मुलाने शिकावे, हवे ते व्हावे, आणि बापाची हत्यारे विकावीशी वाटली तर खुशाल विकावी. त्यास स्मरणाचे ओझे लादण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण या आक्षेपातूनच आमचा सिद्धांत निघतो. हत्यार जातीतून सुटले हे फार चांगले झाले. ते हातातूनच सुटले हे वाईट झाले. पूर्वी एका जातीच्या हाती वाकस होता व इतरांस तो धरण्याची लाज वाटे. आता ती लाज सर्वांनी वाटून घेतली आहे. जातिभेद मोडण्याचा हा मार्ग नव्हे. खरा मार्ग असा, की सुताराच्या मुलीने अभियंता व्हावे आणि वकिलाच्या मुलाने पटाशीस धार लावावयास शिकावे. वर्ध्यास 1937 च्या शिक्षणपरिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला आणि पुढच्याच वर्षी तेथे ग्रामोद्योगांसाठी मगन संग्रहालय उघडले. आम्ही त्या विचाराचा जयजयकार केला आणि मुलांस इंग्रजी शाळेत घातले.

भाषेचेही नुकसान थोडके नाही. आमची वृत्तपत्रे रोज एखादा प्रश्न ‘ऐरणीवर’ आणतात. लिहिणाऱ्याने ऐरण पाहिलेली असतेच असे नाही. ‘चाकोरी’ सोडण्याचा उपदेश करणाऱ्यास गाडीच्या चाकाने पडलेली चाकोरी ठाऊक नसते. वस्तू गेली की शब्द काही काळ भुतासारखा हिंडतो आणि मग तोही जातो. किकरे, सामता, वाकस हे शब्द आमच्या पदवीधरांपैकी किती जणांस अर्थासह सांगता येतील? साहित्याची सेवा करणाऱ्या मंडळींनी याचा हिशेब एकदा मांडावा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जुने हत्यार घेणाराने ते हत्यार म्हणून घ्यावे आणि हत्याराचाच भाव द्यावा. विकणाऱ्या घरातील वडीलधाऱ्या माणसाजवळ घटकाभर बसून नाव, काम, धार लावण्याची रीत आणि गाव हे चार ओळींत लिहून घ्यावे. मूठ फुटली असल्यास नवी बसवावी, पाते पाजवावे आणि काम करावे; न जमले तर ज्यास जमेल त्यास द्यावे. अवसरी खुर्द येथे 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. भोवतालच्या पन्नास गावांतील पेट्या माळ्यांवरून उतरत असताना धातूची परीक्षा करणारे आणि मापे घेऊन चित्र काढणारे विद्यार्थी इतक्या जवळ असावेत, हा योग सर्वत्र येत नाही. एखाद्या सुट्टीत दहा विद्यार्थी वही घेऊन निघाले, तर पुढील पिढीस या मुलखातील हत्यारांचा कोश मिळेल. आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत अशा सुधारलेल्या हत्यारांचे एक बाक असावे, जेथे कोणत्याही जातीच्या मुलास वा मुलीस ती हाताळता येतील.

हे जर आम्हांस करावयाचे नसेल, तर निदान एक प्रामाणिकपणा करावा. येत्या खंडेनवमीस पाटावर हत्यारांऐवजी भंगारवाल्याचा वजनकाटा मांडावा आणि त्यालाच हळदकुंकू वाहावे.