जुना ट्यूबा आणि न सांगितलेला सूर

ट्यूबा म्हणजे काय हे आपल्याकडे सांगावं लागतं. वरातीच्या बँडमध्ये एखादा अंगाभोवती अजगर गुंडाळल्यासारखा भोंगा घालून चालतो ना, तो सूझाफोन. ट्यूबाचाच भाऊबंद. इकडे यॉर्कशरमध्ये ब्रास बँड गावोगाव आहेत, आणि त्यातल्याच एकात मी दर बुधवारी ई-फ्लॅट बेस फुंकतो (ट्यूबाच तो, पण बँडवाले त्याला बेस म्हणतात).

तर मंडळी, जुन्या बेसच्या बाजारात एक लबाडी राजरोस चालते आणि तिला लबाडी म्हणायला कुणी तयार नाही.

ब्रिटिश ब्रास बँड 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढ्या सुरात वाजवायचे. आजचा 'ए' 440 हर्ट्झचा, त्यांचा साधारण 452.5चा. फरक जवळजवळ अर्ध्या सेमीटोनचा. पेटीवर बोलायचं तर पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधोमध, जिथे पट्टीच नाही! पुढे कारखान्यांनी ही वाद्यं बनवणं थांबवलं आणि बरीचशी माळ्यावर गेली. आता ती खाली येतायत. चांदीचा मुलामा, कर्ण्यावर नक्षी, जाहिरातीत "विंटेज, उत्तम वाजतं". सूर कुठला? चकार शब्द नाही.

आजोबांचा बेस विकणाऱ्या घरच्यांना हे माहीत नसेल, त्यांना माफ. पण ज्याचा धंदाच हा आहे त्याला माहीत नाही? ट्यूनर मोबाईलवर फुकट मिळतो हो.

आमच्या बँडमधल्या एका सोळा वर्षांच्या पोराला त्याच्या आजोबांनी असाच बेस एका दुकानातून घेऊन दिला. पोरगा दोन महिने वाजवत होता आणि शेजारचे त्याला "जरा कान दे" म्हणून सुनावत होते. कान उत्तम होता त्याचा! गोची वेगळीच होती. ई-फ्लॅट बेसची नळी साधारण 13 फूट. सूर खाली आणायला ती सुमारे साडेचार इंच वाढायला हवी. मुख्य स्लाइड सव्वादोन इंच ओढली की तेवढी वाढते, कारण नळी दोन्ही बाजूंनी लांबते. मोकळे स्वर जागेवर येतात आणि सगळ्यांना वाटतं, झालं काम. पण पहिल्या व्हॉल्व्हची 19 इंचांची नळीही अर्धा इंच वाढायला हवी, बाकीच्या त्या प्रमाणात. ब्लेकलीच्या 1874च्या पेटंटवाली कॉम्पेन्सेटिंग यंत्रणा असेल तर तिच्या छोट्या नळ्यासुद्धा. नाहीतर मोकळे स्वर बरोबर आणि व्हॉल्व्ह दाबला की चढे. कॉन्फिगमधला एक आकडा बदलून बाकी कोड तसाच ठेवण्यातला प्रकार.

यावर ठरलेलं उत्तर असतं, "जुन्या पितळेचा आवाजच वेगळा." असेलही. मी कुठे ते मोडीत घाला म्हणतोय? चांगला कारागीर सगळ्या नळ्या वाढवून देतो, आणि तसं काम झालेला जुना बेस मी आनंदाने घेईन. पण त्या कामाचे पैसे किमतीतून वजा झाले पाहिजेत, आणि त्यासाठी विकणाऱ्याने आधी सूर सांगितला पाहिजे.

तेव्हा घेण्याआधी फक्त मोकळा स्वर ऐकू नका. पहिला-तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबून ट्यूनरसमोर वाजवायला लावा, आणि नळ्यांवर नवे जोड दिसतायत का बघा. दुकानदार "हे अँटिक आहे, असं तपासायचं नसतं" म्हणाला, तर किंमतही अँटिकची नाही, भंगाराची सांगा.