पट्ट्याला न सापडणारा दाब

‘डॉक्टर, ब्लडप्रेशर तर अगदी बरोबर आहे म्हणतात, मग जिना चढताना जीव का हो घाबरा होतो?’ हा प्रश्न घाटकोपर-मुलुंडकडच्या भगिनी मला नेहमी विचारतात. बहुतेकींच्या बाबतीत उत्तर साधे असते: अंगात रक्त कमी, वजन जास्त, नाहीतर गाडी गाठायला स्टेशनचा पूल धावत चढण्याची आपली उपनगरी खोड. पण क्वचित एखादी अशी निघते की तिची समजूत घालून घरी पाठवणे बरे नव्हे.

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब हृदयाच्या डाव्या बाजूचा. उजवी बाजू तेवढेच रक्त फुप्फुसांत ढकलते, पण फार हलक्या हाताने. तिकडचा सरासरी दाब साधारण १४ मिलिमीटर. विसावल्या स्थितीत तो २० च्या वर गेला की आजार समजायचा. पट्ट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हा दाब वाढवणाऱ्या अनेक कारणांपैकी एक दुर्मीळ कारण म्हणजे ‘लॅम’. पूर्ण नाव लिम्फँजिओलिओमायोमॅटोसिस. ते नीट उच्चारेपर्यंत विक्रोळीहून कांजूरमार्ग यावे! हा आजार जवळजवळ बायकांनाच होतो, आणि तोही बहुधा ऐन संसाराच्या वयात. फुप्फुसांत पातळ भिंतींच्या पोकळ्या होतात. एखादी फुटली तर छातीत एकाएकी कळ येते आणि फुप्फुस मिटते. साध्या एक्स-रेत पुष्कळदा काही दिसत नाही, म्हणून दम्याची औषधे चालू राहतात. सीटी स्कॅनमध्ये मात्र चाळणीसारखे चित्र दिसते.

या पोकळ्यांबरोबर बारीक रक्तवाहिन्याही नाहीशा होतात; प्राणवायू कमी पडला की उरलेल्या आकसतात. उजव्या हृदयावर भार येतो तो असा. लॅममध्ये हा दाब बहुधा बेताचाच वाढतो, पण चालताना-चढताना अधिक. इकोने अंदाज येतो. खात्री करायची तर नळी उजव्या हृदयापर्यंत न्यावी लागते.

औषधाची कथा मात्र दिवाळीला शोभेशी आहे. १९६४ साली प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावरून माती गोळा केली गेली. तिच्यातील एका जीवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी सिरोलिमस वेगळे काढले. पुढे कंपनीने ते काम गुंडाळले, तेव्हा या गृहस्थांनी तो जीवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला! गृहिणीने काय म्हटले असेल ते वाचकांनीच ताडावे. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांसाठी ते औषध १९९९ साली अमेरिकेत मंजूर झाले आणि २०१५ साली लॅमसाठी. २०११ च्या चाचणीत त्याने फुप्फुसांची घसरण थोपवली. औषध थांबताच ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे हा रोग समूळ नाहीसा करणारा उपाय नव्हे, आवर घालणारा आहे. सेहगल २००३ साली वारले. लॅमच्या रोगिणींना झालेला उपयोग त्यांना पाहता आला नाही.

आता थोडे घरातले. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या या बायकांनी टाळाव्यात. गरोदरपणी फुप्फुस फुटण्याची भीती वाढते, आणि फुप्फुसातला दाब चढलेला असेल तर बाळंतपण जिवावर बेतू शकते. सिरोलिमस चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, हेही बाईला एकटीलाच ऐकवले जाते. घरी सासूबाई पाळण्याची वाट पाहत असतात आणि बाई गप्प. तेव्हा पुढच्या तपासणीला यजमानांना बरोबर न्यावे, आणि हे सारे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनीच ऐकावे.