युरोपची फौज आणि जवाहरनगरची दारू

सध्या पांढरपेशा विचारवंतांच्या तोंडी एकच भजन आहे : युरोप जागा झाला! मार्च २०२५ मध्ये युरोपियन युनियनने शस्त्रसज्जतेसाठी ८०० अब्ज युरोपर्यंत पैसा उभा करायचा बेत जाहीर केला. मे महिन्यात त्यातले १५० अब्ज कर्जाऊ द्यायचं पक्कं झालं. जूनमध्ये हेगच्या बैठकीत नाटोवाल्यांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के संरक्षणावर घालायची शपथ घेतली. आता म्हणे अमेरिकेची दादागिरी संपणार, जगाचा काटा हलणार. आपल्यातली काही पोरंही खूष आहेत. अमेरिकेची जिरली ना, बस्स.

जिरली का, ते पाहू. त्यासाठी ब्रुसेल्सला जायचं कारण नाही. भंडाऱ्याला या.

भंडारा म्हटलं की आपल्या काळजात दोन खिळे आहेत. १९५४ ची पोटनिवडणूक, जिथे या देशाने बाबासाहेबांना दुसऱ्यांदा लोकसभेबाहेर ठेवलं. आणि २९ सप्टेंबर २००६ ची खैरलांजी. तिसरा खिळा २४ जानेवारी २०२५ चा. त्या दिवशी सकाळी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला, छत कोसळलं, आठ कामगार मेले. दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिन होता. दिल्लीच्या रस्त्यावर तोफा, रणगाडे, क्षेपणास्त्रं मिरवली. त्यांच्या पोटात घालायचा माल बनवणारे आठ जण तोवर मातीत गेले होते.

या फॅक्टरीत काय बनतं? आरडीएक्स, एचएमएक्स, तोफगोळा आणि रॉकेट पुढे ढकलणारी दारू. आणि युरोपचं घोडं नेमकं इथंच पेंड खातंय.

मार्च २०२३ मध्ये युरोपियन युनियनने युक्रेनला वचन दिलं, बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देतो. वर्ष संपलं तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. काऊन बे? पैसा तर रगड आहे! पण नोटा तोफेत भरता येत नाहीत. १५५ मिलिमीटरच्या एका गोळ्यात सात ते दहा किलो स्फोटक लागतं. शीतयुद्ध संपल्यावर युरोपने आपले दारूचे कारखाने एकामागून एक बंद केले. टीएनटी मोठ्या प्रमाणावर बनवणारा कारखाना उरला एक, पोलंडातल्या बिडगॉश्चला. हा धंदा घाण आहे. त्यात अ‍ॅसिड आहे, लाल पाणी आहे, कधीही उडायची भीती आहे. शेजारी असा कारखाना कोणाला हवा असतो? तिथे तो नको झाला, आणि इकडे जवाहरनगर चालूच राहिलं.

दुसरी गोष्ट तर आपल्या घरचीच. गोळा नळीतून बाहेर फेकणारी दारू बनते नायट्रोसेल्युलोजची, आणि ते बनतं कापसापासून. रुई काढल्यावर सरकीवर जी आखूड लव उरते ना, ती अ‍ॅसिडात मुरवायची. युरोपात कापूस पिकतो तो ग्रीस आणि स्पेनच्या कोपऱ्यात. म्हणून ही लव ते मोठ्या प्रमाणात चीनकडून घेतात. म्हणजे पहा : युरोपची स्वतंत्र फौज अमेरिकेच्या खांद्यावरून उतरणार, आणि तिची बंदूक भरणार चीनच्या सरकीने! याला जगाचा समतोल बदलणं म्हणायचं तर म्हणा.

माझं मत सरळ सांगतो. समतोल हलेल, पण विचारवंत म्हणतात तसा नाही. युरोपातल्या राज्यांना एकत्र लढायची भाषा नवी नाही. १९५२ मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली आणि तीन शेजाऱ्यांनी सामाईक फौजेचा करार केला होता. ३० ऑगस्ट १९५४ ला फ्रान्सच्याच संसदेने तो गाडला, कारण जर्मनांच्या हाती पुन्हा बंदूक द्यायला त्यांची छाती होईना. २०११ मध्ये लिबियावर बॉम्ब टाकायला फ्रान्स-ब्रिटन पुढे झाले, तर काही आठवड्यांतच माल आटला आणि अमेरिकेपुढे हात पसरावा लागला. ब्रिटनचा अणुबॉम्ब स्वतःचा, पण तो वाहणारं ट्रायडंट क्षेपणास्त्र अमेरिकेचं. पोलंडने २०२२ मध्ये रणगाडे घेतले ते दक्षिण कोरियाकडून. तेव्हा युरोप अमेरिकेला ‘नाही’ म्हणायला शिकेल, एवढं शक्य आहे, आणि ते थोडं नव्हे. पण त्याच्या ‘नाही’मागची ताकद युरोपात बनणार नाही. ती आशियातल्या कारखान्यांत बनणार. काटा हलवणारा हात इथला आहे, आणि त्या हाताला कोणी मोजत नाही.

मे २०२५ मध्ये ऱ्हाइनमेटाल या जर्मन कंपनीने रिलायन्स डिफेन्सशी करार जाहीर केला. माल कोणता? स्फोटकं आणि गोळ्याची दारू. कारखाना कुठे? रत्नागिरी जिल्ह्यात, वाटदला. जवाहरनगरची फॅक्टरी ज्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे, तीही परदेशी ऑर्डरी घेते. भारतातले गोळे युरोपच्या गिऱ्हाइकांमार्फत युक्रेनला गेले, अशी बातमी सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने दिली. दिल्लीने ती तर्कटी आणि दिशाभूल करणारी ठरवली. ठरवो बापडी. युरोपला माल हवाय आणि महाराष्ट्रात तो बनतो, एवढं तर कोणी नाकारत नाही.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांचा फोटो लावणारे पुष्कळ, पण त्यांचं परराष्ट्र धोरण वाचणारे किती? १० ऑक्टोबर १९५१ ला राजीनाम्याची कारणं सांगताना त्यांनी हिशेब मांडला होता : वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले सुमारे १८० कोटी फौजेवर. हा खर्च का? तर आपल्या धोरणामुळे आपल्याला मित्रच उरला नाही, म्हणून सगळं बिल आपणच भरतो. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत त्यांनी नेहरूंच्या पंचशीलाची चिरफाड केली. फ्रान्सने युरोपची फौज गाडली ती त्यानंतर चारच दिवसांनी. बाबासाहेबांनी परराष्ट्र धोरण कधी हवेत पाहिलं नाही. बिल कोण भरतं, हा त्यांचा पहिला सवाल.

तोच सवाल युरोपला लावा. सत्तर वर्षं त्यांचं मोठं बिल अमेरिकेने भरलं. आता ती म्हणते, तुमचं तुम्ही भरा. त्यांनी पैसे काढले. पण बिलाचा एक भाग नोटांत भरता येत नाही. तो जळालेल्या कातडीत भरावा लागतो. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण मेले, त्यात सहा बाया होत्या. एक कारखाना सरकारी, एक खाजगी. मरण एकाच जातीचं.

युरोपच्या लढायांना आपली गरज लागते तेव्हा आपल्यासाठी दार उघडतं, हे आपल्या बापजाद्यांनी भोगलंय. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, कोणी ढुंकून पाहिलं नाही. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११ महार पलटण उभी राहिली. गरज सरली, १९२१ मध्ये मोडली. दुसरं महायुद्ध आलं आणि १९४१ मध्ये पुन्हा महार रेजिमेंट. पण त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत होते. गरजेच्या घडीला त्यांनी किंमत मागून घेतली. फरक तेवढाच, आणि तोच सगळा.

आज पुन्हा गरजेची घडी आहे. युरोपची गोदामं रिकामी आहेत. ती भरेपर्यंत काही वर्षं जातील. पुन्हा शांतता झाली, की ऑर्डरी आटतील आणि कंत्राटी पोरं आधी घरी जातील. मालकांना हे कळतं. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या करताना सरकारने आधी संपावर बंदी घालणारा कायदा आणला. कायदा एका वर्षाचाच होता, पण नेमका त्याच वर्षी हवा होता त्यांना. कामगाराचा हात कुठे बसतो ते सरकारला आपल्या पुढाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक.

म्हणून म्हणतो, ‘बहुध्रुवी जग’ वगैरेवर परिसंवाद भरवण्याआधी जवाहरनगरच्या गेटवर जा, बाजारगावला जा, वाटदला जा. वाटदच्या करारात वर्षाला किती गोळे, किती टन स्फोटकं, हे आकडे आधीच छापून आलेत. एका इमारतीत एका वेळी किती माणसं ठेवायची, कंत्राटी पोराला दारूच्या खोलीत पाठवण्याआधी किती महिने शिकवायचं, तो मेला तर घरच्यांना कायम कामगाराइतकं मिळणार की नाही, हे आकडे करारात घालून घ्या. परदेशी गिऱ्हाइकाच्या सहीखाली घालून घ्या. जर्मन कंपनीला तिच्या देशातला पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून लागू आहे. बाहेरच्या मालपुरवठादाराकडे कामगार कसे राबतात, याचा जाब तिला तिथे द्यावा लागतो. तो कायदा सैल करायच्या हालचालीही तिथे चालू झाल्यात. तेव्हा अर्ज लिहायचा तर आत्ताच, आणि मराठीबरोबर जर्मनमध्येही.