हाताची चव वगैरे

“आईच्या हातच्या मटणाची सर कशालाच नाही!” आमच्याकडच्या प्रत्येक लग्नाबारशात हे वाक्य कुणीतरी पुरुष म्हणतोच. ब्लॉगांवरही अधूनमधून तीच पोस्ट येते. रविवार, चूल, कल्हईचं पातेलं आणि शेवटी डोळ्यांत पाणी. मंडळी, रागावू नका, पण मला या ‘हाताच्या चवी’चा आता राग यायला लागलाय.

कारण हाताला चव नसते. चव येते ती अकलेमुळे, आणि स्वयंपाकघरात घातलेल्या तासांमुळे.

आम्ही कोल्हापूरकडचे. रविवारी मटण आलं की आई हळद, मीठ, आलं-लसूण लावून ठेवायची. कांदा परतून त्यावर मटण टाकायची आणि अंगचं पाणी सुटून आटेपर्यंत हलवत राहायची. मग पातेल्यावर खोलगट ताट आणि ताटात पाणी. आतली वाफ ताटाला लागून पुन्हा खाली ठिबकते, म्हणून मटण करपत नाही. वरचं पाणी तापलं की लागेल तसं तेच आत ओतायचं. गार पाणी ओतलं तर शिजणं अडतं, हे तिला पक्कं ठाऊक. तिखट घालायच्या आधी पोरांसाठी वाटीवाटीभर अळणी काढून ठेवायचं. मानेचा आणि पुढच्या पायाचा चिवट भाग ती मुद्दाम मागून घ्यायची. चिवट भागात कोलॅजन जास्त असतं. मंद आचेवर दीड-दोन तासांत त्याचं जिलेटिन होतं आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो.

इंग्रज लोक गोमांसाचा चिवट तुकडा कांद्याबरोबर, झाकण लावून, दोन-तीन तास मंद ओव्हनमध्ये ठेवतात आणि त्याला ‘ब्रेझ्ड स्टेक’ म्हणतात. शास्त्र तेच. फरक इतकाच, की तिकडे त्याला टेक्निक म्हणतात आणि पुस्तकात छापतात. आपल्याकडे हाताची चव!

हा नुसता शब्दांचा खेळ नाही हो. टेक्निक म्हटलं की ते कुणालाही शिकता येतं, तुम्हालाही. हाताची चव म्हटलं की ती एकीच्याच मनगटाला बांधली जाते. “तुझ्यासारखं कुणाला जमत नाही गं” म्हटलं की पुढचा रविवारही तिचाच. इतक्या स्वस्तात काम करून घ्यायची दुसरी युक्ती मला माहीत नाही.

आणि त्या रम्य पंगतीचं काय? आधी पुरुष, मग आम्ही पोरं. नळी आजोबांची, नाहीतर पाहुण्यांची. शेवटी आई आणि काकू बसायच्या तेव्हा पातेल्यात तळाचा रस्सा आणि दोन हाडं उरलेली. आईला नळी चोखताना मी कधीच पाहिलं नाही. आठवणींच्या पोस्टींत हे का येत नाही? की लिहिणारे तोवर हात धुऊन झोपायला गेलेले असतात?

आता कुकर. “कुकरच्या मटणाला ती चव नाही,” असं आमचे एक काका ठासून सांगतात. साध्या पातेल्यात पाणी शंभर अंशाच्या आसपास उकळतं. कुकरमधल्या दाबामुळे तापमान १२० च्या आसपास जातं, म्हणून दोन तासांचं काम अर्ध्या तासात होतं. नंतर झाकण काढून रस्सा जरा आटवला की झालं. काकांना खरं तर चव नको असते. त्यांना ते दोन तास हवे असतात, दुसऱ्याचे.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, करणाऱ्या पुरुषांची ८८. आणि हे पुरुष म्हणजे घरकामाला हात लावणारे. बाकीचे मोजणीतच नाहीत :)

आठवणी जरूर लिहा. फक्त मटण किती वाजता चढलं, कोण उभं होतं आणि शेवटी कोण जेवलं, तेही लिहा. आणि काका, तुम्ही हे वाचताय मला माहीत आहे. येत्या रविवारी एक किलो आणा, स्वतः चढवा. ताटात पाणी ठेवायला विसरू नका. नळी काकूंची.